आकडा लिहिला, पुढची ओळ कोण लिहिणार?

१२ एप्रिल १९४५. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथे आपल्या घरी खुर्चीत बसले होते. डोकं प्रचंड दुखतंय म्हणाले आणि कोसळले. त्यांचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. हॉवर्ड ब्रुएन यांनी बीपी मोजलं, ते ३००/१९० निघालं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्याच दुपारी रूझवेल्ट गेले. वय ६३.

हा आकडा एका दिवसात इथवर पोचला नव्हता. ब्रुएन यांनी त्यांना मार्च १९४४ मध्ये पहिल्यांदा तपासलं, तेव्हा बीपी १८६/१०८ होतं. त्यानंतर वर्षभर ते मोजलं गेलं, लिहिलं गेलं आणि वाढत गेलं. मीठ कमी करा, सिगारेट कमी करा, वजन उतरवा, विश्रांती घ्या. याच्या पुढे डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं. किंबहुना, वाढलेल्या बीपीला हात लावू नये असं मानणारे मोठमोठे डॉक्टर त्या काळात होते. रक्तवाहिन्या कडक झाल्या की अवयवांना रक्त पोचवण्यासाठी शरीरच दाब वाढवतं, तो उतरवला तर नुकसान होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता.

थोडक्यात, जगातल्या सर्वांत शक्तिमान माणसाकडे डॉक्टर होता, मशीन होतं, आकडा होता. गोळी नव्हती.

आज गोळी आहे आणि ती स्वस्त आहे. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतात १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी २१ टक्के जणांचं बीपी वाढलेलं आहे, किंवा ते त्यासाठी औषध घेताहेत. यातल्या बहुतेकांचं बीपी आटोक्यात नाही.

मग अडतं कुठे? या प्रश्नाचं उत्तर शोधण्याचा इतिहास मला औषधांच्या शोधापेक्षाही रंजक वाटतो. त्यात नोबेल नाही. एक पोलाद कारखाना आहे, लघवीत चमकणारं एक जीवनसत्त्व आहे आणि नोकरीच्या ठिकाणी टेबल टाकून बसलेल्या नर्स आहेत.

बोट की मशीन?

दंडाला पट्टा बांधून, हवा भरून बीपी मोजायची पद्धत १८९६ ची. इटलीतल्या तुरीनमध्ये शिपिओने रिवा-रोची या डॉक्टरने ती शोधली. पट्ट्याच्या आत सायकलच्या टायरची ट्यूब होती. पट्टा फुगवायचा, मनगटाची नाडी लागेनाशी झाली की पाऱ्याची उंची वाचायची. यातून फक्त वरचा आकडा कळायचा. १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गमधल्या निकोलाय कोरोत्कोव्ह या सर्जनने पट्ट्याखालच्या धमनीवर स्टेथोस्कोप ठेवला. हवा सोडताना ठोके ऐकू यायला लागतात तो वरचा आकडा, थांबतात तो खालचा. त्याचं हे टिपण जेमतेम एका पानाचं होतं.

दरम्यान १९०१ मध्ये हार्वे कुशिंग हा तरुण अमेरिकन सर्जन इटलीत पाविया इथे गेला असताना त्याने रिवा-रोचीचं यंत्र पाहिलं आणि ते बाल्टिमोरला नेलं. पुढे बोस्टनमध्ये हार्वर्डच्या सर्जन मंडळींनी ते वापरून पाहिलं आणि निष्कर्ष काढला, की नाडीवरचं सरावलेलं बोटच बरं. यंत्रं आली की डॉक्टरची बोटं बोथट होतील, अशी भीती तेव्हा खरोखर व्यक्त होत होती. आमच्या क्षेत्रात नवं टूल आलं की जी चर्चा होते, तिच्याहून ही फार वेगळी नाही.

यंत्र जिंकलं, हे सांगायला नकोच. मग एक गोष्ट घडली, जिच्याकडे इतिहास लिहिणाऱ्यांचं लक्ष कमी जातं. सुरुवातीला बीपी मोजणं हे डॉक्टरचं खास कसब होतं. ते रोजचं झालं तसं, थर्मामीटरप्रमाणेच, नर्सच्या हाती आलं. मोजणं नर्सकडे, त्याचा अर्थ लावणं आणि औषध ठरवणं डॉक्टरकडे. ही वाटणी इतकी अंगवळणी पडली, की ती निसर्गनियम असल्यासारखी वाटायला लागली.

खरं तर मोजणं हेही सोपं काम नाही. रुग्णाने पाच मिनिटं शांत बसलेलं असावं. पाठीला टेकू, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर. अर्ध्या तासात चहा, कॉफी, सिगारेट नाही. लघवीला लागलेली नसावी. मोजताना बोलायचं नाही. दंडाच्या मानाने पट्टा लहान असेल तर आकडा खोटाच जास्त येतो. आता गच्च भरलेली ओपीडी आठवा. शर्टाच्या बाहीवरून गुंडाळलेला पट्टा, उभ्या उभ्या विचारलेलं "गोळी घेतली का?" आणि त्याच वेळी फुसफुसत उतरणारी हवा. तिथेच निम्मा पुरावा सांडतो.

मुंबईची मुळी, अमेरिकेचा पुरावा

रूझवेल्ट गेल्यानंतर चारच वर्षांनी, १९४९ मध्ये, ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मुंबईहून एक लेख आला. लेखक डॉ. रुस्तम जाल वकील. विषय सर्पगंधा. या मुळीने रक्तदाब उतरतो असं कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच लिहिलं होतं, पण बाहेरच्या जगाने ते वाचलं नव्हतं. वकिलांनी ५० रुग्णांवरचे आकडे मांडले आणि जग हललं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी या मुळीतून रिसर्पिन वेगळं केलं. १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास लघवीवाटे मीठ बाहेर काढणाऱ्या थायझाइड गोळ्याही आल्या.

पण आकडा उतरला म्हणजे माणूस वाचला, असं थोडंच आहे? ते सिद्ध करायला १९६७ साल उजाडलं. डॉ. एडवर्ड फ्राइस यांनी अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत चाचणी घेतली. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. काहींना खऱ्या गोळ्या, काहींना तशाच दिसणाऱ्या खोट्या. खऱ्या गोळ्या तीन औषधांच्या होत्या आणि त्यातलं एक होतं रिसर्पिन, सर्पगंधेचं. दोन गटांतला फरक इतका ठळक निघाला, की चाचणी लवकर थांबवावी लागली. १९७० मध्ये खालचा आकडा ९० ते ११४ असलेल्या ३८० जणांवरही फायदा दिसला. वाढलेलं बीपी उतरवावं की नाही, हा वाद इथे संपला.

या चाचणीतला एक तपशील मला फार बोलका वाटतो. सुरुवातीला सगळ्यांना काही दिवस खोट्या गोळ्या दिल्या होत्या आणि त्यांत रायबोफ्लेविन, म्हणजे ‘बी-२’ जीवनसत्त्व, घातलं होतं. ते लघवीत उतरतं आणि अतिनील प्रकाशात चमकतं. लघवी चमकली नाही, म्हणजे गड्याने गोळी घेतलेली नाही. अशांना चाचणीतून वगळलं.

शास्त्राच्या दृष्टीने हे योग्यच होतं. औषध चालतं का, हे औषध घेणाऱ्यांवरच तपासणार ना! पण त्याचा दुसरा अर्थ असा, की गोळी सिद्ध झाली ती न चुकता गोळी घेणाऱ्या माणसांवर. ज्यांची लघवी चमकली नाही ते घरी गेले. आपण बहुतेक लोक त्या दुसऱ्या रांगेतले.

निम्म्याचं निम्मं

त्या दुसऱ्या रांगेचा हिशेब १९७२ मध्ये समोर आला. जॉर्जियातल्या पाहण्यांवरून जोसेफ विल्बर आणि बॅरो यांनी मांडलेलं चित्र पुढे ‘निम्म्यांचा नियम’ म्हणून ओळखलं गेलं. बीपी वाढलेल्या लोकांपैकी निम्म्यांनाच ते ठाऊक असतं. ठाऊक असलेल्यांपैकी निम्मेच उपचार घेतात. उपचार घेणाऱ्यांपैकी निम्म्यांचंच बीपी आटोक्यात असतं. गणित करा : आठातला एक. जॉर्जिया म्हणजे रूझवेल्ट जिथे कोसळले तेच राज्य. २७ वर्षांनंतर तिथे गोळी होती, पुरावा होता, आणि तरीही आठातले सात वाऱ्यावर होते.

शेवटचं निम्मं सगळ्यांत अवघड. त्यांना आजार ठाऊक आहे, ते दवाखान्यात येतात, गोळी घेतात, तरी आकडा हलत नाही. असं का होतं, ते मला माझ्या आईच्या केसपेपरांनी दाखवलं. आमच्याकडे ते एका प्लास्टिकच्या पिशवीत असतात. गेल्या वर्षी मी ते तारखेप्रमाणे लावून स्प्रेडशीटमध्ये भरले. तीन वर्षं, एकाच रुग्णालयातल्या १४ भेटी. ११ वेळा वरचा आकडा १४० च्या पुढे. तीन वर्षं तीच गोळी, तेवढ्याच मिलिग्रॅमची. अक्षर दर वेळी वेगळं, मजकूर एकच : कंटिन्यू सेम ट्रीटमेंट. चौदाव्या केसपेपरला लघवीतून प्रथिनं जात असल्याचा रिपोर्ट टाचलेला आहे.

प्रत्येक डॉक्टरचं त्या दिवसापुरतं बरोबरच असेल. ‘आज धावत आल्या असतील, पुढच्या वेळी बघू.’ प्रत्येक ‘पुढच्या वेळी’ डॉक्टर मात्र वेगळा होता. मागचे आकडे ओळीने मांडून बघणं हे कोणाचंच काम नव्हतं. वैद्यकशास्त्रात या जडपणाला ‘क्लिनिकल इनर्शिया’ असं नाव आहे. नाव असलेल्या गोष्टीवर कोणीतरी कामही केलेलं असतं, म्हणून मी शोधायला लागलो आणि पोचलो कॅनडात.

पोलाद कारखान्यातला प्रयोग

ओंटारिओ प्रांतातलं हॅमिल्टन हे पोलादाचं गाव. तिथल्या मॅकमास्टर विद्यापीठातले डेव्हिड सॅकेट, ब्रायन हेन्स आणि सहकारी डोफॅस्को कारखान्यातल्या २३० कामगारांकडे गेले. सगळ्यांचं बीपी वाढलेलं. दोन कल्पना तपासायच्या होत्या. एक, डॉक्टर कारखान्यातच उपलब्ध करून दिला तर लोक गोळ्या नीट घेतील का? दोन, आजाराची पूर्ण माहिती शिकवली तर घेतील का?

१९७५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. दोन्हींचा उपयोग नाही. शिकवलेल्यांना माहिती छान पाठ झाली, गोळ्या घेण्यात मात्र फरक पडला नाही. ‘जनजागृती करा’ हा आपला आवडता उपाय इथे ५० वर्षांपूर्वीच उघडा पडलेला आहे.

पुढच्याच वर्षी त्यांनी गोळ्या न घेणारे, बीपी आटोक्यात नसलेले ३८ जण निवडले. त्यांतल्या काहींना स्वतःचं बीपी मोजायला शिकवलं, आकडे आणि गोळ्या तक्त्यावर लिहायला लावल्या, गोळीची वेळ रोजच्या सवयीला जोडून दिली. आणि दर पंधरा दिवसांनी एक व्यक्ती त्यांना भेटून तक्ता बघायची. ती डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. शाळेपुरतं शिक्षण आणि वैद्यकीय प्रशिक्षण शून्य. सहा महिन्यांत या गटाचं गोळ्या घेण्याचं प्रमाण सरासरी २१.३ टक्क्यांनी वाढलं. उरलेल्यांचं १.५ टक्क्यांनी घटलं.

पंधरा दिवसांनी कोणीतरी नावानिशी तक्ता बघायला येणार आहे, एवढ्याने फरक पडला. याच मॅकमास्टरमधून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘पुराव्यावर आधारित वैद्यक’ हा शब्दप्रयोग जगभर गेला.

टोरांटोच्या नर्स

आता मुख्य गोष्ट. १९७९ मध्ये टोरांटोत अलेक्झांडर लोगन आणि सहकाऱ्यांनी बीपी वाढलेले ४५७ नोकरदार घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एक गट नेहमीप्रमाणे आपापल्या फॅमिली डॉक्टरकडे जाणार. दुसऱ्या गटाला नोकरीच्याच ठिकाणी खास प्रशिक्षित नर्स बघणार. या नर्सना औषध सुरू करण्याचा आणि बदलण्याचा अधिकार होता. त्यासाठी दर वेळी आधी डॉक्टरची परवानगी घ्यावी लागत नव्हती.

सहा महिन्यांनी काय दिसलं? औषध सुरू झालं असे रुग्ण : नर्सकडे ९४.७ टक्के, डॉक्टरकडे ६२.७. ठरवलेल्या पातळीपर्यंत बीपी उतरलेले : नर्सकडे ४८.५ टक्के, डॉक्टरकडे २७.५. दिलेली औषधं नीट घेणारे : नर्सकडे ६७.६ टक्के, डॉक्टरकडे ४९.१.

पहिला आकडा पुन्हा वाचा. ज्यांचं बीपी वाढलंय हे माहीतच आहे, अशा तीनांतल्या एकापेक्षा जास्त लोकांना डॉक्टरांच्या गटात औषधच सुरू झालं नव्हतं. ओंटारिओत डॉक्टरची फी सरकारी विम्यातून जायची, त्यामुळे खिशाचं कारण पुढे करता येत नाही. डॉक्टरांना ज्ञान कमी होतं, असंही कोणी म्हणणार नाही. डॉक्टरसमोर एक माणूस शंभर तक्रारी घेऊन येतो, आणि बीपी ही त्यातली न दुखणारी तक्रार असते. ती मागे पडते. नर्ससमोर मात्र एकच काम होतं, त्या कामाचा लिखित क्रम होता, आणि क्रमानुसार पुढचं पाऊल टाकायची मुभा होती.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका प्रचंड चाचणीचा निकाल लागला. १४ ठिकाणचे १०,९४० रुग्ण, पाच वर्षं. निम्म्यांना आपापल्या डॉक्टरकडे पाठवलं. उरलेल्यांना ठरलेल्या पायऱ्यांनी औषध वाढवणाऱ्या खास केंद्रांत मोफत उपचार दिले. केंद्रांत येणाऱ्यांमधले मृत्यू १७ टक्क्यांनी कमी होते. गोळ्या बाहेरही मिळत होत्या. फरक पडला तो पायऱ्या आणि पाठपुराव्याने.

प्रेमळ सिस्टरचा गैरसमज

नर्सबद्दल आपल्याकडे एक गोड भाषा आहे : सेवा, माया, हसरा चेहरा. ‘सिस्टर प्रेमाने समजावतात म्हणून रुग्ण ऐकतो.’ माया वाईट नाही, पण पुरावा वेगळंच सांगतो. २०१० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ख्रिस्तोफर क्लार्क आणि सहकाऱ्यांनी नर्सच्या हाती बीपीची काळजी दिलेल्या ३३ चाचण्या एकत्र तपासल्या. नर्सच्या हाती पायरीपायरीचा लिखित क्रम होता, तिथे वरचा आकडा नेहमीच्या उपचारांपेक्षा सरासरी ८.२ ने जास्त उतरला.

लिखित क्रम म्हणजे काय? या तारखेला मोजा. आकडा अमुकपेक्षा जास्त असेल तर आधी गोळ्या घेतल्या का ते विचारा. घेतल्या असतील तर पुढची पायरी चढा. महिन्याने पुन्हा मोजा. अमुकच्या वर गेला किंवा छातीत दुखत असेल तर लगेच डॉक्टर. आम्ही पोटासाठी जे लिहितो त्याहून हे वेगळं नाही : अट, कृती, परत अट. पण कोड लिहिणाऱ्या कुणालाही माहीत असतं, की अट तपासायला दिली आणि कृतीची परवानगीच दिली नाही, तर प्रोग्रॅम आकडे छापत बसतो. आईचे १४ केसपेपर म्हणजे असाच एक प्रोग्रॅम होता.

आणि क्रम लिहून दिला म्हणजे यंत्रमानवही चालेल, असं नाही. ‘गोळ्या घेतल्या का?’ या प्रश्नाचं खरं उत्तर मिळणं हे कसब आहे. ‘घेते की’ म्हणणारी बाई सोमवारी उपास म्हणून गोळी टाळते, पाय सुजले म्हणून आठवडाभर थांबवते, नवऱ्याची आणि स्वतःची एकच पाकीट वाटून घेते. हे पाच मिनिटं शेजारी बसणाऱ्यालाच कळतं. पायरी चढायची की आधी पाकिटाचा घोळ सोडवायचा, हे ठरवणं म्हणजे वैद्यकीय निर्णयच आहे. आपण त्याला ‘समजावणं’ म्हणतो आणि त्याची किंमत कमी करतो.

साताऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंत

भारतात या इतिहासाचा धडा उशिरा पोचला, पण पोचला. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह’ सुरू झालं. पहिल्या टप्प्यात पाच राज्यांतले २५ जिल्हे होते. महाराष्ट्रातून सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा. कल्पना साधी : प्रत्येक राज्याचा एक ठरलेला औषधक्रम, मोजक्या गोळ्यांचा अखंड पुरवठा, घराजवळच्या उपकेंद्रात पुढच्या गोळ्या, नर्स आणि आरोग्यसेविकांसह काम करणारी टीम, आणि प्रत्येक रुग्णाची नोंद.

नोंदीसाठी अनेक ठिकाणी ‘सिंपल’ नावाचं ॲप वापरतात. मी त्याचा कोड वाचला आहे, तो खुला आहे. इंटरनेट नसतानाही ते चालतं. नर्स कार्डावरचा कोड स्कॅन करते, आकडा टाकते, गोळ्या नोंदवते, संपलं. त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तारीख उलटून गेलेल्या रुग्णांची यादी. कोण आलं नाही, ते नावानिशी दिसतं, आणि तिथूनच फोन लावता येतो. हॅमिल्टनच्या कारखान्यात पंधरा दिवसांनी येणारी ती व्यक्ती इथे यादीच्या रूपात बसली आहे. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

पण टोरांटोचा धडा आपण अर्धाच घेतला आहे. मोजणं, नोंद, फोन, चालू गोळ्या पुढे देणं हे नर्सकडे आलं. गोळी वाढवणं किंवा दुसरी जोडणं मात्र डॉक्टरच्या सहीसाठी थांबतं, आणि डॉक्टर त्या दिवशी शिबिरात, मीटिंगमध्ये किंवा पोस्टमॉर्टेमला असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलं आहे, की योग्य प्रशिक्षण, औषध लिहिण्याचा अधिकार, ठरलेला क्रम आणि डॉक्टरांची देखरेख असेल तर नर्सही बीपीचं औषध देऊ शकतात. ब्रिटनमध्ये पात्र नर्सना २००६ पासून औषधं लिहिण्याचे व्यापक अधिकार आहेत.

डॉक्टर नसलेल्याने औषध बदललं तर रुग्णाला धोका नाही का, हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच क्रम, प्रशिक्षण आणि देखरेख या अटी आहेत. मात्र तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे, तेही मोजलं पाहिजे : काहीच न बदलण्याचा धोका. तो कुठल्याही चौकशीत येत नाही, कारण त्या दिवशी कोणी चूक केलेली नसते. तो दहा वर्षांनी लकव्याच्या, डायलिसिसच्या रूपात येतो.

आणखी एक अडचण आहे. मोजण्याचं काम नर्सकडे आलं तेव्हा त्यासाठी वेळ आला नाही. नोंदीचं काम आलं तेव्हाही नाही. आता निर्णयाचं काम नुसतंच तिच्या टेबलावर टाकलं, तर तो अधिकार नसून आणखी एक रजिस्टर होईल. टोरांटोच्या नर्सकडे अधिकार होता, तसंच मोजकं आणि ठरलेलं कामही होतं.

तोवर आपल्या हातात एक छोटी गोष्ट आहे. पुढच्या वेळी घरातल्या कोणाला घेऊन ओपीडीत जाल, तेव्हा जुने केसपेपर तारखेप्रमाणे लावून न्या. आकडा सलग दोन-तीनदा वरच असेल तर विचारा, "हा असाच राहिला तर पुढची पायरी कोणती, आणि ती कधी?" सिस्टरना विचारा, डॉक्टरांनाही विचारा. बहुतेक वेळा सिस्टरना उत्तर माहीत असतं. ते केसपेपरवर लिहायची मुभा फक्त त्यांना नसते.